दुकानातील ड्युटीचा तक्ता कसा वाचावा आणि आपली सुट्टी कशी राखावी

बेळगावच्या खडे बाजारातील कापडाचे दुकान असो, कॉलेज रोडवरील तयार कपड्यांची शोरूम असो किंवा निपाणीतील मोबाइलचे दुकान असो, विक्रीच्या कामाला लागणाऱ्या माणसाने सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शनिवार-रविवारची सुट्टी हा त्याचा हक्क नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवसाची सुट्टी, ठरलेले तास आणि जादा तासांचे दुप्पट पैसे हे मात्र हक्काचे आहेत. या दोन गोष्टींची गल्लत झाली की कर्मचारी जिथे भांडून उपयोग नाही तिथे भांडतो आणि जिथे कायदा त्याच्या बाजूने आहे तिथे गप्प राहतो. चंदगड-गडहिंग्लजकडचे गिऱ्हाईक रविवारी येते, लग्नाचा बस्ता बहुधा सुट्टीच्याच दिवशी बांधला जातो आणि दुकानाची आठवड्याची निम्मी कमाई त्या दोन दिवसांवर अवलंबून असू शकते, हे मालकाचे म्हणणे खोटे नसते. म्हणून रविवार मागायचा तो समजुतीने आणि आठवड्याची सुट्टी मागायची ती कायद्याने.

आपल्याला कोणत्या राज्याचा कायदा लागू होतो, हा प्रश्न सीमाभागात नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर सोपे आहे: दुकान जिथे आहे तिथला. शिनोळीहून रोज बेळगावला येणाऱ्या मुलीचे आधारकार्ड महाराष्ट्राचे असले तरी तिच्या कामाला कर्नाटक दुकाने व वाणिज्यिक आस्थापना कायदा, १९६१ लागू होतो. उलट बेळगावातून गडहिंग्लजला नोकरीसाठी जाणाऱ्याने महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा पाहावा, कारण तेथील तास, विश्रांती आणि रजा यांचे आकडे वेगळे आहेत. पुढील मजकूर कर्नाटकातील दुकानांपुरता आहे.

प्रथम नेमणुकीचा कागद मागावा. कर्नाटकच्या कायद्यातील ६-अ या कलमानुसार मालकाने नेमणुकीपासून तीस दिवसांच्या आत नाव, हुद्दा, वेतन आणि नोकरीच्या अटी लिहिलेले नेमणूकपत्र द्यावे लागते. ओळखीच्या घरचा मुलगा म्हणून ठेवून घेतले, त्यात कागद कशाला, असे अनेक जुन्या दुकानांत ऐकू येते. ही आपुलकी खरी असली तरी पगाराचा वाद उभा राहिला की ती कामाला येत नाही. पत्र कन्नडमध्ये असेल आणि कन्नड वाचता येत नसेल, तर सही करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्यावे आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. पगार एखाद्या एजन्सीकडून येत असेल आणि काम मॉलमधील ब्रँडच्या काउंटरवर असेल, तर पत्रावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे ते आवर्जून पाहावे, कारण अशा ठिकाणी दुकान एजन्सीकडे बोट दाखवते आणि एजन्सी दुकानाकडे.

ड्युटीचा तक्ता हातात आला की काही आकडे त्याला लावून पाहायचे असतात. दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही नेहमीच्या कामाची मर्यादा आहे. जादा काम धरूनही एका दिवसात १० तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही; मालाची मोजदाद आणि हिशेबाचे दिवस तेवढे त्याला अपवाद आहेत. सलग पाच तास काम झाले की किमान एक तासाची विश्रांती द्यावी लागते. कामाची सुरुवात आणि शेवट यांतील एकूण अंतर, विश्रांती धरून, १२ तासांच्या पुढे जाता कामा नये. शिवाय जादा कामाचे तास सलग तीन महिन्यांत ५० पेक्षा अधिक होऊ नयेत, आणि ही शेवटची अट बहुतेकांना माहीतच नसते.

हे हिशेबाने पाहू. सकाळी दहा ते रात्री नऊ अशी ड्युटी आहे आणि मध्ये एक तास जेवणाची सुट्टी आहे, असे समजा. एकूण अंतर ११ तास, प्रत्यक्ष काम १० तास. एका दिवसापुरते पाहिले तर हे मर्यादेत बसते. पण सहा दिवसांचे ६० तास होतात, म्हणजे आठवड्याला १२ तास जादा. दिवाळीच्या आधीच्या चार आठवड्यांतच ४८ तास भरतात आणि तीन महिन्यांची मर्यादा तिथेच जवळपास संपते. म्हणजे ही ड्युटी सणाच्या महिन्यात चालू शकते, बारमाही चालू शकत नाही. पैशाचे पाहायचे तर महिन्याचा पगार १५,६०० रुपये आणि कामाचे दिवस २६ धरल्यास दिवसाचे ६०० आणि आठ तासांच्या हिशेबाने तासाचे ७५ रुपये होतात. जादा तासाचा दर त्याच्या दुप्पट, म्हणजे १५० रुपये. आठवड्याचे १२ तास धरले तर १,८०० रुपये. दिवाळीत मिळणारे मिठाईचे खोके आणि एक साडी ही या रकमेची भरपाई नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. मर्यादेबाहेर काम करून घेतले म्हणून त्या तासांचे पैसे बुडतात असेही नाही. काम झाले आहे, तर त्याचे पैसे द्यावेच लागतात.

दुपारी दुकान बंद ठेवणाऱ्यांकडे वेगळी अडचण येते. सकाळी नऊ ते एक आणि दुपारी चार ते नऊ अशी पाळी असेल तर काम नऊ तासांचे आणि अंतर बरोबर बारा तासांचे होते. त्यानंतर गल्ल्याचा हिशेब, कपड्यांच्या घड्या आणि शटर यांत अर्धा तास गेला की दोन्ही मर्यादा ओलांडल्या जातात. शटर अर्धे खाली आले म्हणजे काम संपले असे नव्हे. मालकाने थांबवून घेतलेला प्रत्येक मिनिट कामाचाच असतो.

आठवड्याची सुट्टी पूर्ण दिवसाची असते आणि तिच्यासाठी पगार कापता येत नाही. पूर्वी दुकानाने आठवड्यातून एक दिवस बंद राहणे हीच सर्वसाधारण रीत होती आणि त्यामुळे सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी येत असे. जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानांना आठवड्याचे सातही दिवस उघडे राहण्याची मुदतीची परवानगी दिली. मात्र तिच्याबरोबर अटीही घातल्या. प्रत्येकाला पाळीपाळीने आठवड्याची सुट्टी मिळेल इतकी माणसे ठेवावीत, त्या दिवशी कोण सुट्टीवर आहे ते दर्शनी भागात लावावे आणि जादा कामासह पगार बँकेच्या खात्यात जमा करावा, अशा त्या अटी होत्या. दुकान रोज उघडे असेल आणि भिंतीवर अशी यादी नसेल, तर विचारपूस तिथून सुरू करावी.

पाळीपाळीच्या सुट्टीत एक बारीक फसगत असते. एका आठवड्यात पहिल्या दिवशी सुट्टी दिली आणि पुढच्या आठवड्यात शेवटच्या दिवशी दिली, तर दोन्ही आठवड्यांत सुट्टी दिसते, पण मधले सलग बारा दिवस माणूस उभा असतो. म्हणून तक्ता एका आठवड्याचा न मागता महिन्याचा मागावा. तो निदान सात दिवस आधी मिळावा, असा आग्रह धरावा. खानापूरकडच्या गावातून येणाऱ्याला शेवटची बस, शेतातले काम आणि घरातील आजारपण यांची सांगड आदल्या रात्री आलेल्या व्हॉट्सॲप निरोपावर घालता येत नाही. रविवारची मागणी एकट्याने करण्यापेक्षा काउंटरवरील सर्वांनी मिळून करावी. सहा जण असतील तर दर रविवारी एकाला सुट्टी देऊन प्रत्येकाला सहा आठवड्यांतून एक रविवार सहज मिळू शकतो, आणि त्यातून दिवाळी व लग्नसराईचे आठवडे वगळायची तयारी आपणच दाखवली तर मालकही सहसा नाही म्हणत नाही. अर्ज मोठा नसावा: ‘काउंटरवरील आम्ही सहा जण विनंती करतो की, दर रविवारी एकास पाळीने साप्ताहिक सुट्टी द्यावी. सोबत तीन महिन्यांचा तक्ता जोडला आहे. सणाच्या आठवड्यांत आम्ही सर्व जण हजर राहू. आपसांत बदल करायचा झाल्यास आदल्या दिवशी लेखी कळवू.’ तयार तक्ता समोर ठेवला की नकार देणाऱ्याला कारण द्यावे लागते.

सणाच्या सुट्ट्या यांहून वेगळ्या आहेत. राज्याच्या १९६३ च्या राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांविषयीच्या कायद्यानुसार २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्य स्थापना दिन) या पाच आणि आणखी पाच, अशा दहा पगारी सुट्ट्या असतात. १ नोव्हेंबरविषयी आपल्या भागात कोणाच्या मनात काय आहे हा वेगळा विषय. हजेरीपुस्तकापुरता तो पगारी सुट्टीचा दिवस आहे. अशा दिवशी कामावर बोलावले तर दुप्पट पगार किंवा त्या दिवसाचा पगार आणि बदली सुट्टी द्यावी लागते. उरलेल्या पाचांत गणेश चतुर्थी, दसरा, पाडवा यांपैकी काय धरले आहे, ते वर्ष सुरू होण्याआधीच विचारून घ्यावे. याखेरीज कामाच्या वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा साठते आणि आजारपण किंवा इतर रास्त कारणासाठी वर्षाला बारा दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.

रात्रीच्या ड्युटीबाबत महिलांनी दबून राहू नये. वर सांगितलेल्या २०२१ च्या आदेशात रात्री आठनंतर काम घ्यायचे तर महिलेची लेखी संमती, पुरेसे संरक्षण आणि जाण्यायेण्याची सोय या अटी होत्या. संमती म्हणजे नोकरीच्या पहिल्या दिवशी इतर कागदांत सरकवलेली सही नव्हे. दिवसभर उभे राहण्याचा प्रश्नही इथेच येतो. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. गिऱ्हाईक नसताना स्टुलावर बसू देण्याने दुकानाची शोभा कशी जाते, हे कोणी पटवून दिलेले नाही; ही मागणी अर्जात जरूर घालावी.

पगारातील कपातीकडे बारकाईने पाहावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ प्रमाणे महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळायला हवा. दंड आधी जाहीर केलेल्या कारणांसाठीच आणि कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच करता येतो, आणि त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा अधिक करता येत नाही. मालात तूट आली म्हणून ती सर्वांच्या पगारातून सारखी वाटून कापणे ही फार रुळलेली पद्धत आहे, पण नुकसानीची कपात तो माल ज्याच्या ताब्यात स्पष्टपणे दिला होता आणि ज्याच्या निष्काळजीपणामुळे तो गेला, त्याच्याच पगारातून होऊ शकते. दहा मिनिटे उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापणेही या चौकटीत बसत नाही. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असेल तर आपल्या वेतनातून ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो; पावतीवर कपात दिसत असेल तर विमा क्रमांक मागून घ्यावा. राज्यात किमान वेतनातील महागाई भत्ता दर १ एप्रिलला बदलतो, म्हणून मे महिन्याच्या सुरुवातीला हाती आलेला पगार नव्या दराशी ताडून पाहावा.

हे सर्व सिद्ध करायचे तर नोंद लागते, आणि दुकानातील हजेरीपुस्तक मालकाच्या कपाटात असते. एक साधी वही घेऊन रोज येण्याची वेळ, जेवणाची सुट्टी, प्रत्यक्ष बाहेर पडण्याची वेळ आणि कोणी थांबायला सांगितले ते त्याच दिवशी लिहावे. महिनाअखेरीस आठवणीने भरलेल्या वहीला फारसे वजन नसते. तक्त्याचा फोटो, सुट्टी रद्द केल्याचा निरोप, बँकेचे पासबुक आणि बसचा पास हे वहीला दुजोरा देतात. फोटो काढताना गिऱ्हाइकांची नावे, बिले किंवा विक्रीचे आकडे मात्र घेऊ नयेत; त्यावरूनच उलटा आरोप येऊ शकतो.

बोलणे आधी मालकाशी, मग लेखी, आणि त्यानंतरच लेबर ऑफिसात, हा क्रम ठेवावा. तक्रार कामगार निरीक्षकाकडे करता येते. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो, त्यामुळे मराठी अर्ज हा केवळ भाषेमुळे परत करण्याजोगा नसतो. तरीही माझा सल्ला असा की, मराठी अर्जासोबत कन्नड प्रत जोडावी; हक्क आपल्या जागी, पण वाचणाऱ्याला एका बैठकीत कळले तर आपलेच काम लवकर होते. प्रत्येक कागदावर पोच घ्यावी. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, तरी इतके थांबू नये. महिला आणि कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळू शकते.

सहा महिने सलग नोकरी झालेल्या कर्मचाऱ्याला रास्त कारणाशिवाय आणि एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार दिल्याशिवाय काढता येत नाही. गैरवर्तनाचा आरोप असेल तर चौकशी करून तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो. उद्यापासून येऊ नको असे तोंडी सांगितले गेले, तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी दुकानात जावे आणि आपण कामास हजर असल्याचे त्याच दिवशी लेखी कळवावे, म्हणजे स्वतःहून नोकरी सोडल्याचे कोणाला म्हणता येणार नाही. नोकरी स्वतः सोडली किंवा काढून टाकले, तरी राहिलेला पगार वेतन संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. त्याच हिशेबात जादा तासांचे पैसे आणि साठलेली रजा धरली आहे का, ते वहीशी ताडून पाहिल्याशिवाय ‘सर्व रक्कम पोचली’ या कागदावर सही करू नये.