गीझरला माणूस बोलावताना या चुका टाळा

माझं अर्धं आयुष्य गीझर उघडण्यात गेलं. त्यातले बरेचसे गीझर माझ्याआधी कुणीतरी ‘दुरुस्त’ केलेले असत. म्हणून हे लिहितोय. जरा चिडून लिहितोय, तेवढं सांभाळून घ्या.

फोन बहुतेक वेळा असा येतो: ‘कॉइल गेलीय, येताना नवीन घेऊन या.’ कॉइल गेली हे ठरवलं कुणी? पाणी तापत नाही, एवढंच तुम्ही पाहिलंय. ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारा थर्मोस्टॅट अडकला असेल, पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा कट-आउट उडाला असेल, नाहीतर सॉकेटमागची तार सैल झाली असेल. 2 किलोवॅटचा गीझर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, तोही अर्धा-पाऊण तास सलग. एवढ्या करंटला सैल जोड आधी तापतो, मग काळा पडतो. त्यामुळे मी पहिल्यांदा प्लगच्या पिना बघतो. नंतर पुरवठा तोडून, झाकण काढून कॉइलला मीटर लावतो, म्हणजे तारेचा रोध मोजायचा मल्टिमीटर. धडधाकट 2 किलोवॅट कॉइल साधारण 26 ओहम दाखवते. आतली तार तुटली असेल तर मीटरचा आकडा हलत नाही. दोन मिनिटांचं काम आहे हे. पण हे न करताच नवी कॉइल बसते, पाणी गारच राहतं, मग थर्मोस्टॅट बदलला जातो आणि शेवटी कळतं की सॉकेट जळलं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ज्याच्या पिशवीत मीटर नाही, त्याला माझ्या घरात मी गीझरला हात लावू देणार नाही.

तेव्हा फोनवर निदान सांगू नका, लक्षण सांगा. अजिबात तापत नाही, की कोमट होऊन थांबतं? बटण दाबल्या दाबल्या फ्यूज उडतो, की दहा मिनिटांनी? गळतंय ते पाइपच्या जोडावर की टाकीच्या बुडातून? चांगला माणूस एवढ्यावरून काय सामान आणायचं ते ओळखतो. आणि टाकीच गळत असेल तर सरळ सांगतो की हिला आता दुरुस्ती नाही.

आता माझा खास राग. सेफ्टी व्हॉल्व्ह, टाकीत वाढलेला दाब पाणी सोडून कमी करणारा.

पाणी तापलं की फुगतं. 25 लिटर पाणी 25 अंशांवरून 65 अंशांवर नेलं की जवळजवळ 400 मिलिलिटरने वाढतं. बंद टाकीत या वाढीव पाण्याला जागा कुठे? ते मागे फिरून थंड पाण्याच्या लायनीतही जाऊ शकत नाही, कारण उलटं पाणी अडवणारी झडप बहुधा त्याच व्हॉल्व्हमध्ये असते. म्हणून गीझर चालू असताना व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो. गळायलाच हवा. गीझर गार असतानाही गळत राहिला, तर झडपेत कचरा अडकलाय किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. अशा वेळी व्हॉल्व्ह साफ करायचा, बदलायचा, नाहीतर दाब कमी करायची सोय करायची. बुजवायचा कधीच नाही.

एका घरी बाथरूममध्ये ओल येते म्हणून नळाच्या कामाला आलेल्या माणसाने व्हॉल्व्हच्या तोंडाला लोखंडी बूच बसवलं होतं. वर टेफ्लॉन टेपचे छान घट्ट वेढे. गळती बंद, घरचे खूश. काही महिन्यांनी थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले, पाणी तापतच राहिलं आणि कट-आउटने आपलं काम केलं, म्हणजे वीज तोडली. मग दुसरा कारागीर आला. त्याने विचार न करता कट-आउट ‘डायरेक्ट’ केला, म्हणजे त्याला वगळून तार सरळ जोडली. दोन्ही पहारेकरी बाद!

मला फोन आला तो ‘गीझर गुरगुरतोय आणि नळातून वाफ येतेय’ असा. मी म्हटलं, काकू, बाथरूममध्ये पाऊल टाकू नका, नळाला हात लावू नका, मीटरजवळचा मेन बंद करा आणि सगळे बाहेर थांबा. दाबाखाली पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टाकी फाटली की मात्र त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा लागते. टाकी निवेपर्यंत आम्ही जिन्यात बसून होतो. नंतर बाहेरचं आवरण काढलं, तर आतल्या टाकीचं बूड पुरीसारखं फुगलेलं. टेफ्लॉनचे वेढे मात्र जसेच्या तसे. काम नीटनेटकं होतं, एवढं म्हणायला हवं.

म्हणून कुणी ‘तात्पुरतं डायरेक्ट करून देतो’ म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

गॅस गीझरबद्दल थोडक्यात, कारण इथे वाद घालायची माझी तयारी नाही. गॅसचं काम गॅसचं शिक्षण आणि परवाना असलेल्यानेच करायचं. धूर बाहेर नेणारी नळी नसताना बंद बाथरूममध्ये गीझर लावून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आंघोळ करताना माणूस कोसळतो आणि बाहेरच्यांना कळतही नाही.

बाकीच्या चुका एकेका ओळीत. वॉरंटीतला गीझर बाहेरच्या माणसाकडून उघडून घेऊ नका. क्षार काढायला टाकीत ॲसिड ओतू देऊ नका. कॉइल बाहेर काढलीच आहे तर टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉडही दाखवायला सांगा. तो झिजून नुसती तार उरली असेल तर यानंतर टाकी झिजणार. बदललेला सुटा भाग मागून घ्या. अर्थिंग तपासलं का, हे विचारा, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या. ती सारखी उडते म्हणून काढून टाकणारेही भेटलेत मला.

शेवटची चूक घाईची. काम झालं रे झालं, की घरातलं कुणीतरी बटण दाबतं. टाकी रिकामी, कॉइल कोरडी, आणि नवी कोरी कॉइल मिनिटांत खलास. आधी गरम पाण्याचा नळ सोडायचा. तो फुसफुसणं थांबून सलग धार लागली की मगच बटण. 2 किलोवॅटच्या गीझरला 25 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला साधारण 35 मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसतो. थर्मोस्टॅटचा टक् आवाज येतो, दिवा विझतो, जोडांवरून एकदा कोरडा कागद फिरवतो आणि मग पैशांचं बोलतो.