पाहुण्या कलाकारावर आरोप झाला, आता मंडळाने काय करायचं?

शनिवारी इंदूरच्या रवींद्र नाट्यगृहात आपल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम, तिकिटं संपलेली, आणि गुरुवारी रात्री पाहुण्या गायकावर लैंगिक छळाचा आरोप करणारी एक पोस्ट फिरू लागते. अर्ध्या तासात कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. "आगीशिवाय धूर निघतो का?" हा एक, आणि "प्रसिद्धीसाठी चाललंय सगळं" हा दुसरा. खरं काय ते दोन्हीकडच्या कुणालाच माहीत नसतं. सचिवाने सगळ्यात आधी ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग करून टाकावी. तिथलं प्रत्येक वाक्य उद्या स्क्रीनशॉट होऊन एखाद्या वकिलाच्या फाइलला लागू शकतं.

मग एकच गोष्ट ठरवायची: तक्रार करणारी बाई आपल्या मंडळाच्या कामात होती की नव्हती? पुढचे दोन्ही रस्ते अगदी वेगळे आहेत, आणि घोळ बहुतेक वेळा ते एकात एक मिसळल्यामुळेच होतो.

आरोप बाहेरचा असेल तर

मुंबई-पुण्यात काही वर्षांपूर्वी घडल्याचा आरोप असेल, तर त्याची चौकशी करायचा अधिकार इंदूरच्या मंडळाला नाही. दोन्ही बाजूंना फोन लावून "नेमकं काय झालं" विचारत बसू नका. तुमच्या हातात फक्त कार्यक्रम आणि तुमच्या माणसांची सुरक्षितता आहे.

मूळ पोस्ट वाचा, फॉरवर्ड नको. तारखेसकट जपून ठेवा. मग प्रकरण कोणत्या पायरीवर आहे ते पाहा: नुसतं जाहीर बोलणं, कामाच्या ठिकाणच्या चौकशी समितीकडे तक्रार, एफआयआर, आरोपपत्र की निकाल. एफआयआर म्हणजे पोलिसांनी माहिती नोंदवून घेतली, एवढंच.

इथे इंदूरकरांची एक खास फसगत होते. आपण बातमी हिंदीत वाचतो आणि मराठीत सांगतो. हिंदी कायद्याच्या भाषेत 'दोषमुक्त' म्हणजे खटला चालून निर्दोष सुटलेला. मराठी बातमीत 'दोषमुक्ती' बहुधा खटला सुरू होण्याआधीच नाव वगळण्याला म्हणतात, ज्याला हिंदीत 'उन्मोचन' म्हणतात. पोलिसांनी तपास बंद केला, तर मध्य प्रदेशात 'खात्मा' किंवा 'खारिजी' लागते, महाराष्ट्रात 'ए', 'बी' किंवा 'सी' समरी. यातलं काहीही लागलं तरी तो पोलिसांचा अहवाल असतो, न्यायालयाचा निकाल नव्हे. दंडाधिकारी तो नाकारूही शकतात. तेव्हा 'क्लीन चिट मिळाली' हे वाक्य मंडळाच्या कागदावर येऊ देऊ नका.

"इतकी वर्षं गप्प का होती?" हा प्रश्नही टाळा. माजी संपादक आणि माजी केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांनी, त्यांच्यावर छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर केलेल्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रमाणींना निर्दोष सोडलं. स्त्रीला दशकांनंतरही, तिला हव्या त्या व्यासपीठावर बोलण्याचा हक्क आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे. पण स्वतःचा अनुभव सांगणं वेगळं आणि फॉरवर्ड करताना खाली "हा तसलाच आहे" अशी पुरवणी जोडणं वेगळं. बदनामीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पुरवणी जोडणाऱ्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर जोडलेली असते.

कार्यक्रम करायचा, पुढे ढकलायचा की रद्द, हे कार्यकारिणीने बैठक घेऊन, कोरम धरून ठरवावं. ढकलायचा ठरला तर 'अपरिहार्य कारणास्तव' लिहू नका. ते वाचून कुणी फसत नाही, उलट कुजबुज वाढते. असं लिहा:

"शनिवारचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे. पाहुण्या कलाकारांबद्दल समाजमाध्यमांवर आलेला मजकूर आम्ही पाहिला आहे. त्याची शहानिशा करण्याचा अधिकार मंडळाला नाही, त्यामुळे त्यावर आम्ही मत देत नाही. तिकिटाचे पैसे सात दिवसांत परत मिळतील."

याला पाचवं वाक्य जोडू नका. आगाऊ दिलेल्या रकमेचं काय, हे मात्र करारपत्रात आधीच हवं: कोणत्या परिस्थितीत कार्यक्रम ढकलता येईल, रक्कम किती दिवसांत परत, आणि ढकलणं म्हणजे आरोप मान्य करणं नव्हे. बहुतेक मंडळांचं 'करारपत्र' म्हणजे लेटरहेडवरच्या चार ओळी आणि मानधनाचा आकडा. वाद तिथूनच सुरू होतो.

तक्रार आपल्याच घरातली असेल तर

नाटकाची तालीम, दिग्दर्शक मोठं नाव, आणि कार्यकर्ती मुलगी मंडळातल्या एखाद्या ताईंना बाजूला घेऊन काही सांगते. इथे २०१३चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागतो. "आमच्याकडे पगारी कुणी नाही" ही सबब चालत नाही. विनामोबदला, स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही कायद्याच्या व्याख्येत 'कर्मचारी'च आहे. कामाची जागाही तालमीच्या हॉलपुरती नाही. कामानिमित्त जावं लागलेली जागा आणि आयोजकाने दिलेलं वाहनही त्यात येतं. अवंतिका एक्सप्रेसने सकाळी उतरणाऱ्या पाहुण्याला आणायला पाठवलेली गाडी त्यात धरा, आणि प्रयोगानंतर रात्री एक वाजता "जरा सराफा (रात्रीची खाऊगल्ली) दाखवून आण" म्हणून बरोबर धाडलेली मुलगीही. तिला एकटीला पाठवायचंच नाही, हा नियम तक्रारीची वाट न बघता आजच करा.

ऐकताना दोघं असा, त्यात एक तरी बाई. तिचं सांगणं तिच्याच शब्दांत लिहून घ्या, वाचून दाखवा, सही घ्या. "नक्की तसंच म्हणाला का, की तुला वाटलं?" असले प्रश्न नकोत. ते काम अंतर्गत समितीचं, तिच्याबद्दल पुढे येतंच. लेखी तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत यावी लागते. समितीला कारणं नोंदवून आणखी तीन महिने वाढवता येतात. तक्रार, पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते अशा सहा प्रती लागतात. मराठीत लिहिली असेल तर सोबत हिंदी अनुवाद जोडा, कागद पुढे सरकारी कार्यालयात गेला तर खोळंबा होत नाही.

दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवीच. इथल्या हिंदी कागदांवर तिला 'आंतरिक परिवाद समिति' म्हणतात. अध्यक्ष ज्येष्ठ पदावरची स्त्री, किमान दोन सदस्य आतले, एक बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेतला किंवा विषयाचा जाणकार, आणि एकूण निम्म्या तरी स्त्रिया. बाहेरच्या सदस्याला नियमाप्रमाणे दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च. समितीच नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. माणसं दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मंडळाच्या अध्यक्षांवर असेल, तर प्रकरण स्थानिक समितीकडे जातं. ती जिल्हा पातळीवर असते, तिचा ठावठिकाणा मोती तबेल्यातल्या कलेक्टोरेटमध्ये विचारा.

तक्रार आल्यावर घाईघाईने समिती बनवणं ही नेहमीची चूक. मग खजिनदारांच्या सौभाग्यवती अध्यक्ष होतात आणि खजिनदार दिग्दर्शकाचे बालमित्र निघतात. असा अहवाल अपिलात टिकत नाही.

मुदती भिंतीवर लावून ठेवण्यासारख्या आहेत. सात कामाच्या दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला. त्याचं लेखी उत्तर दहा कामाच्या दिवसांत. चौकशी ९० दिवसांत पूर्ण, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि अहवालावर कारवाई ६० दिवसांत. अपील ९० दिवसांत. बैठकीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य. वकील कुणालाच आणता येत नाही. समोरचा लागोपाठ तीन सुनावण्यांना सबळ कारणाशिवाय आला नाही, तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन एकतर्फी निर्णय घेता येतो.

समोरच्याला साक्षीदारांचे जबाब दाखवा आणि त्याचे प्रश्न लेखी घेऊन समितीमार्फत विचारा. हे त्याच्यावर उपकार म्हणून नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने घाईघाईने, एकापाठोपाठ एक बैठका उरकल्या होत्या. आरोपीला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा चौकशीकडे पाठवलं. तक्रारी २००९ च्या होत्या. चौदा वर्षांनी पहिल्यापासून सुरुवात, आणि ती भोगायची तक्रार करणाऱ्यांनीच.

चौकशी चालू असताना मुलीची भूमिका काढून दुसरीला देणं हे आपल्याकडचं हमखास 'समजूतदार' पाऊल. ती शिक्षाच आहे, तीही तिला. तिने लेखी मागितलं तर दोघांच्या तालमीच्या वेळा वेगळ्या करा, समिती तिला तीन महिन्यांपर्यंत सुट्टीही देऊ शकते. समेट फक्त तिने मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशाच्या बदल्यात अजिबात नाही. काका लोकांनी चहाला बोलावून "आपापसात मिटवा" म्हणणं यात बसत नाही. तिला पोलिसांकडे जायचं असेल तर मदत करणं हे मंडळाचं कर्तव्य आहे. दौऱ्यात उज्जैनला घडलेलं असलं तरी इंदूरच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवता येतो.

आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी, असा अर्थ निघत नाही. खोटेपणाबद्दल कारवाई करायची तर द्वेषबुद्धी वेगळी सिद्ध करावी लागते.

गुप्तता सगळ्यात जास्त फुटते ती इतिवृत्ताच्या वहीतून. वार्षिक सभेत चिटणीस मागच्या बैठकांचं इतिवृत्त मोठ्याने वाचतात आणि मुलीचं नाव दीडशे सभासदांसमोर जातं. वहीत फक्त "तक्रार क्र. १ समितीकडे पाठवली" एवढंच लिहा. कागद वेगळ्या, कुलपातल्या फाइलमध्ये. गुप्तता मोडणाऱ्याकडून ५,००० रुपये वसूल करायची तरतूद आहे.

बालनाट्य शिबिरातलं मूल १८ वर्षांखालचं असेल तर यातलं काहीच करत बसू नका. समिती नाही, बैठक नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, फोन ११२ किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होते. मुलाचं नाव, शाळा, फोटो कुठेही द्यायचा नाही, पालकांच्या ग्रुपवरही नाही.

समितीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते, तेव्हा नेमणुकीची तारीख नोंदवून ठेवा. दरवर्षी अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जातो, तक्रार नसेल तर शून्य लिहून. सदस्यांची नावं आणि फोन नंबर असलेला कागद तालमीच्या हॉलमध्ये चहाच्या टेबलावरच्या भिंतीला लावा, मराठीत आणि हिंदीतही. प्रकाशयोजनेची पोरं, मेकअपवाल्या दीदी आणि गाडीचा ड्रायव्हर मराठी वाचत नाहीत.