हॉप्सची गोडी लावून घ्यायची तर

घरी बिअर करायला लागलात, पण हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, कडवटपणा जिभेला झेपत नाही? मग थेट जहाल आयपीएला (भरपूर हॉप्सच्या कडू बिअरला) हात घालू नका. आधी सुगंधाशी ओळख करून घ्या. हॉप्स तासभर उकळले की त्यांतल्या अल्फा आम्लांमुळे कडूपणा उतरतो आणि सुगंधी तेलं मात्र वाफेबरोबर उडून जातात. न उकळता मिळतो तो जवळजवळ निव्वळ वास.

साध्या, हलक्या लागर बिअरच्या तीन-चार बाटल्या फ्रिजमध्ये चांगल्या गार करा. एकेक उघडून प्रत्येकीत एकेका वेगळ्या जातीच्या हॉप्सच्या दोन-तीन गोळ्या (हॉप्स दाबून केलेल्या) टाका आणि लगेच नवं झाकण दाबून बसवा. हात चपळ हवा, कारण गोळी पडताच फेस उसळतो. एक बाटली तशीच ठेवा, तुलनेला ती लागतेच. दोन-तीन दिवसांनी गाळ न ढवळता ग्लासात ओता आणि घोट घेण्याआधी नीट हुंगा. कॅस्केडमध्ये ग्रेपफ्रूटची साल, सिट्रामध्ये लिची आणि लिंबू, चेक साझमध्ये गवताचा, किंचित मसाल्याचा वास. हा फरक पहिल्यांदा जाणवतो तेव्हा खरंच मजा येते!

आवडलेल्या जातीचे हॉप्स घालून पाच लिटर पेल एल (फिकट रंगाची एल बिअर) लावा. कडूपणा ३० आयबीयूच्या (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक) आसपास ठेवा आणि बहुतेक हॉप्स उकळण्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत घाला. उरलेलं पाकीट हवाबंद करून फ्रीझरमध्येच ठेवा, शिळ्या हॉप्सना जुन्या चीजसारखा वास येतो.