भोंगा कोणत्या जातीचा? आधी ऐका, मग बघा

गच्चीवरचा इशाऱ्याचा भोंगा, म्हणजे सायरन, दिसला की बहुतेक जण आधी फोटो काढतात. त्यापेक्षा तो बंद होताना आवाज कसा थांबतो ते ऐका. रेंगाळत, खाली उतरत थांबला तर आत मोटर आणि जड फिरता पंखा आहे. एकदम तुटला तर इलेक्ट्रॉनिक: अ‍ॅम्प्लिफायर, बॅटऱ्या आणि खांबावर एकावर एक रचलेले कर्णे. यातून बोलून सूचनाही देता येते. पण नाशिकच्या रामकुंडावर गर्दीसाठी लावतात तसला सुटा कर्णा दिसला म्हणून त्याला भोंगा समजू नका.

मोटरवाल्यात खरी खूण खिडक्यांची. फिरत्या पंख्याभोवतीच्या स्थिर कड्याला खिडक्या असतात. जाळीतून त्या मोजा. मग मोबाईलवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये (आवाजातले सूर रेघांनी दाखवणारं अ‍ॅप) आवाजाची वारंवारिता बघा. तिला ६० ने गुणून खिडक्यांच्या संख्येने भागलं की मोटरचे मिनिटाचे फेरे मिळतात. १० खिडक्या आणि ४७० हर्ट्झ म्हणजे २८२० फेरे, अर्थात आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरची दोन पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर. तेवढ्याच खिडक्यांवर २३५ हर्ट्झ भरले तर चार पोलची. मोटरच्या दोन्ही टोकांना पंखे असून एकीकडे १०, दुसरीकडे १२ खिडक्या असतील, तर ४७० सोबत ५६४ चा दुसरा सूरही दिसतो.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, अ‍ॅपमधली सर्वांत उंच रेघ धरणं. ती दुप्पट वारंवारितेची असू शकते, म्हणून सर्वांत खालची ठळक रेघ घ्या. दुसरी, चढत्या-उतरत्या इशाऱ्यावर मोजणं. त्यात मोटर सारखी चालू-बंद होते, पूर्ण वेग टिकतच नाही. ‘धोका टळला’चा सलग आवाज किंवा सातपूर-अंबडकडच्या कारखान्यांचा पाळी बदलायचा भोंगा मोजायला बरा. हाताने फिरवायच्या भोंग्याला हे गणित लागू नाही. तिथे सूर फिरवणाऱ्याच्या दंडावर.

इंटरनेटवरच्या ‘थंडरबोल्ट’ या अमेरिकी भोंग्याशी आवाज जुळवत बसू नका. तिकडची वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तेवढ्याच खिडक्या आणि तेवढेच पोल असले तरी सूर सुमारे एक पंचमांश वर जातो.

शेवटी नामपट्टी: अश्वशक्ती, फेरे, व्होल्ट, फेज. रंगाखाली बुजली असेल तर खरवडू नका, देखभाल करणाऱ्याला विचारा. थ्री-फेज भोंगा नुसता गुंगुं करून फिरत नसेल, तर तो वेगळा मॉडेल नव्हे. बहुधा एक फेज गेलेली असते. आणि देवळाली-ओझरच्या लष्करी, संरक्षण आवारांत कॅमेरा काढूच नका.