सांबार कांदा: लीड्स आणि पुणे येथील माझा अनुभव

इंग्लंडमध्ये लीड्सला राहत असताना भारतीय दुकानातून आणलेले सांबार कांदे (सांबारात घालतात ते छोटे कांदे) मी एप्रिलमध्ये घरामागच्या वाफ्यात लावले. पात जेमतेम वीतभर झाली तोच गड्डे धरू लागले आणि जुलैत निघालेले कांदे लावलेल्या बेण्याहूनही लहान होते. मी खत दोनदा वाढवले, परंतु दोष खताचा नव्हताच. तामिळनाडूत दिंडीगलकडे पिकणाऱ्या या कांद्याला गड्डा धरण्यास सुमारे १२ तासांचा दिवस पुरतो, आणि लीड्सला जूनमधला दिवस जवळपास १७ तासांचा असल्यामुळे पात वाढण्यास अवधीच मिळाला नव्हता. पुढील वर्षी तिथलाच शॅलट (घोसाने वाढणारा छोटा कांदा) मार्चच्या आरंभी लावला, तेव्हा एकेका कांद्यापासून सात-आठ कांद्यांचे घोस मिळाले.

पुण्यात परतल्यावर दिवसाची लांबी सांबार कांद्याला अनुकूल होती, मात्र जूनमध्ये काळ्या मातीत केलेली लागवड साचलेल्या पाण्याने कुजली. त्यानंतर ऑक्टोबरअखेर, वाळू व कुजलेले शेणखत मिसळलेल्या १५ सेंमी उंच गादीवाफ्यावर, शेंडा मातीच्या पातळीला राहील इतक्याच खोलीवर बेणे लावले. खोल लावलेल्या कांद्याची मान (पात गड्ड्याला जोडलेली असते तो भाग) कुजते, हे मला विशेष आवर्जून सांगावेसे वाटते. माना पडू लागताच पाणी तोडले, सुमारे ७० दिवसांनी काढणी केली आणि पातीसह जुड्या सावलीत टांगल्या. बेण्याचे कांदे दोन महिने विश्रांती दिल्यावरच पुन्हा लावतो, कारण ताजे कांदे एकसारखे उगवत नाहीत.