बीम बदलताना जाणारा वेळ: कांडी आधी भरून ठेवा

बेळगावच्या वडगावात आमच्या विणकरांच्या घरी बीम म्हणजे ताण्याचा रूळ. तो संपला की नवा चढवून एकेक धागा सांधेपर्यंत माग बंद. धोट्यातली बाण्याच्या धाग्याची कांडी मात्र क्षणात बदलते, पण ती भरून शेजारच्या डब्यात तयार असली तरच. 'कांडी संपल्यावर भरायला बसू नको गं, माग उभा राहतोय की,' असं आई रोज बजावायची. आता मी फाइव्ह-जीच्या अँटेनाचे बीम, म्हणजे एकेका दिशेला सोडलेले सिग्नलचे झोत, बघते, आणि नव्याने आलेल्या मुलामुलींना पहिल्या दिवशी हेच सांगते.

टिळकवाडीत काँग्रेस रोडवर आम्ही २६ गीगाहर्ट्झची चाचणी करत होतो. अँटेना समोरच्या गच्चीवर, रिसीव्हर अलीकडच्या एका दुकानाच्या फळीवर. मध्ये लाल बस आली की सिग्नल तुटायचा. पलीकडच्या इमारतीच्या काचेवरून परतणारा दुसरा बीम चांगला होता. पण तो धरेपर्यंत बस पुढे सरकायला लागलेली असायची. सगळ्यांनी दोष दिला तो बीम बदलण्याच्या आदेशाला. लॉग उघडला तर आदेश वेळेवर गेलेला होता. वेळ गेला होता तो शोधण्यात.

म्हणून पहिलं काम: कुठलंही पॅरामीटर बदलण्याआधी लॉगमधून चार घटनांच्या वेळा टिपा. जुन्या बीमचा आरएसआरपी (सिग्नलची मोजलेली ताकद) कधी पडला, नवा बीम रिसीव्हरच्या रिपोर्टमध्ये पहिल्यांदा कधी दिसला, नेटवर्कचा आदेश कधी निघाला, आणि नव्या बीमवर पहिला एसीके (पोच) कधी आला. या चार वेळांमधली तीन अंतरं काढा. सगळ्यात मोठं अंतर असेल तिथेच हात घाला.

बहुतेक वेळा ते पहिलं अंतर असतं. एसएसबी, म्हणजे प्रत्येक बीमवर ठरावीक काळाने जाणारा ओळखीचा सिग्नल, साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी येतो. २६ गीगाहर्ट्झसारख्या मिलिमीटर-लहरींत रिसीव्हरलाही स्वतःचा बीम फिरवून बघावा लागतो, आणि फाइव्ह-जीचं मानक त्यासाठी ८ दिशा धरतं. म्हणजे एक फेरी १६० मिलिसेकंदांची. सरासरीसाठी आणखी नमुने मागितलेत तर त्याच्या पटीत. इथे एसएसबीचा काळ १० वर आणायचा मोह होतो. तसं करण्याआधी हिशोब करा: ६४ बीम, प्रत्येकी ४ सिंबॉल (प्रसारणाच्या वेळेचे छोटे तुकडे), म्हणजे २५६. उपवाहक लहरींमध्ये १२० किलोहर्ट्झ अंतर असताना २० मिलिसेकंदांत २२४० सिंबॉल असतात, म्हणजे ११ टक्क्यांहून जास्त प्रसारणाचा वेळ नुसत्या एसएसबीत जातो. काळ १० केलात की ते दुप्पट. त्यापेक्षा चालू बीमच्या आजूबाजूला अरुंद सीएसआय-आरएस (मोजणीसाठीचे वेगळे सिग्नल) लावा, आणि रिसीव्हरला स्वतःची दिशा शोधता यावी म्हणून त्यात रिपिटिशन चालू ठेवा. एकच बीम सलग अनेक सिंबॉलांवर येतो, रिसीव्हर तेवढ्यात आपल्या दिशा चाचपून घेतो. काँग्रेस रोडवर आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला.

आता भरलेल्या कांड्यांकडे, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या बीमकडे. डेटासाठी १२८ पर्यंत टीसीआय स्टेट (कुठला बीम धरायचा ते सांगणाऱ्या नोंदी) कॉन्फिगर करता येतात, पण मॅक-सीई या हळू आदेशाने सक्रिय करता येतात जास्तीत जास्त ८. त्या आठांतून निवड डीसीआय हा झटपट आदेश करतो. १२० किलोहर्ट्झवर रिसीव्हरला त्यासाठी १४ किंवा २८ सिंबॉल लागतात, म्हणजे पाव मिलिसेकंदाच्या आत काम. बीम सक्रिय यादीत नसेल तर मात्र आदेशाची पोच, वर ३ मिलिसेकंद, वर पुढच्या एसएसबीची वाट, वर प्रक्रियेचे २ मिलिसेकंद. तोही बीम 'ओळखीचा' असेल तर. म्हणजे त्याचा रिपोर्ट आधी गेलेला हवा आणि त्याच्या शेवटच्या मोजणीनंतर १२८० मिलिसेकंदांच्या आत आदेश यायला हवा. ओळख शिळी झाली की मोजणी पहिल्यापासून. तेव्हा रिपोर्टमध्ये एक नाही, चार बीम मागा, आणि ते नियमित येत राहतील असं बघा.

यादीत कुठले आठ? नकाशावर शेजारी दिसणारे नव्हेत. जुना बीम पडला तेव्हा प्रत्यक्षात कुठला वर आला, ते लॉगमधून मोजा. आमच्याकडे काचेवरून येणारा बीम चालू बीमपासून बराच लांबच्या क्रमांकाचा होता, म्हणून तो कुणी यादीत घातलाच नव्हता. शिवाय हँडसेटची क्षमता तपासा. काही हँडसेट एका वेळी आठ सक्रिय स्टेट सांभाळत नाहीत.

कंट्रोल चॅनेल विसरू नका. डेटाचा बीम डीसीआयने हलतो, पण मानकाच्या रिलीज १५ आणि १६ मध्ये पीडीसीसीएचचा, म्हणजे डीसीआय वाहून नेणाऱ्या कंट्रोल चॅनेलचा, बीम मॅक-सीईनेच बदलतो. तो जुन्या दिशेला राहिला तर डीसीआय पोचणारच कसा? रिलीज १७ मधल्या एकत्रित टीसीआयमुळे कंट्रोल आणि डेटा दोन्ही एका आदेशात हलतात. दोन्ही बाजूंना सोय असेल तर ती घ्याच.

बीम पूर्ण तुटलाच तर मदतीला उमेदवार बीमची यादी आणि प्रत्येकासाठी राखीव रॅक (नेटवर्कला पुन्हा हाक मारायचं चॅनेल) असू द्या. किती बिघाडांनंतर बीम तुटला मानायचं तो आकडा, म्हणजे बीमफेल्युअरइन्स्टन्समॅक्सकाउंट, १ वर आणू नका. एखादा माणूस समोरून गेला तरी धावपळ सुरू होते.

निपाणीकडे जाणाऱ्या हायवेवर ३.५ गीगाहर्ट्झच्या साइटवर काम करत असाल तर यातलं बरंच लागत नाही. तिथे एसएसबी बीम जास्तीत जास्त ८, आणि फोन स्वतः दिशा फिरवत बसत नाही. तिथे नुसती सक्रिय यादी आणि रिपोर्टचा काळ बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, मग त्याच फळीवर, त्याच बसच्या वेळेला पुन्हा लॉग घ्या. आणि हे एकदा जुलैच्या पावसातही करा. काँग्रेस रोडवरची झाडं ओली झाली की पानांतून जाणारा बीम जास्त दबतो, आणि मे महिन्यात काढलेली यादी तेव्हा लागू पडत नाही.