प्लम्बिंगने दगा दिला आणि गेस्टला मधेच निघावं लागलं, तर होस्टने काय काय करायचं

घर थोड्या दिवसांसाठी भाड्याने देणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी ही वेळ येतेच, रात्री फोन वाजतो आणि समोरून गेस्ट सांगतो की टॉयलेट तुंबलंय, बाथरूममध्ये पाणी भरलंय. माझ्यावर पहिल्यांदा आली तेव्हा मी "तासाभरात होऊन जाईल" असं सांगून बसले, तो तास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लांबला आणि लहान बाळ असलेलं कुटुंब तेवढा सगळा वेळ टॉयलेटशिवाय त्या घरात अडकलं. पैसे मी नंतर परत केले, पण त्यांची ती रात्र मला परत देता आली नाही आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण अशा वेळी डोकं चालत नाही आणि आधी काय, नंतर काय हे माहीत असलेलं बरं असतं.

पायरी १: आधी पाणी थांबवा, बाकी सगळं नंतर

गेस्टचा फोन आला की पहिला प्रश्न एकच, पाणी अजून वाहतंय का? वाहत असेल तर मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते सांगून बंद करायला लावा. यासाठी व्हॉल्व्हचा फोटो आणि तो कुठल्या दिशेने फिरवायचा हे आधीच घराच्या माहितीत टाकून ठेवलेलं पाहिजे, फोनवर "सिंकच्या मागे डावीकडे" असं सांगत बसलात तर तोवर पाणी बेडरूमपर्यंत जातं. दांडीवाला व्हॉल्व्ह असेल तर पाव फेरा फिरवून दांडी पाइपला आडवी झाली की बंद, गोल चाकवाला असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बरेच फेरे फिरवावे लागतात. फक्त फ्लशची टाकी भरून वाहत असेल तर टॉयलेटजवळचा छोटा कॉक बंद केला तरी भागतं.

पाणी सॉकेट किंवा एक्स्टेन्शन बोर्डच्या जवळ गेलं असेल तर गेस्टला ओल्या जमिनीवरून स्विचबोर्डकडे अजिबात पाठवू नका, त्यांना कोरड्या खोलीत किंवा बाहेर थांबायला सांगा आणि वीज बंद करायचं काम मेन स्विचपर्यंत कोरड्यातून जाता येत असेल तरच करायचं. मेन पाणी बंद केलं की गिझरही बंद ठेवायला सांगा, टाकीत पाणी कमी झालं आणि तो चालू राहिला तर कॉइल जळू शकते.

पायरी २: एकच ड्रेन तुंबलंय की मेन लाइन, हे ओळखा

माझ्या मते गेस्ट राहणार की जाणार हे इथेच ठरतं. प्लम्बर यायच्या आधी फोनवरच तीन गोष्टी विचारा. फक्त एकाच बेसिनचं पाणी हळू जातंय का? फ्लश केल्यावर शॉवरच्या जाळीतून पाणी वर येतं का? वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की टॉयलेटमध्ये बुडबुडे येतात का?

एकच बेसिन असेल तर सहसा त्याच्या खालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वळणाच्या पाइपमध्ये, केस, साबण, तेलकटपणा अडकलेला असतो आणि ते काम थोडक्यात होतं. पण एकीकडचं पाणी दुसरीकडून वर येत असेल तर मेन लाइन, म्हणजे घरातलं सगळं सांडपाणी बाहेर नेणारा मुख्य पाइप, तुंबलीय असं धरून चाला. मग घरातला प्रत्येक नळ, फ्लश, वॉशिंग मशीन, डिशवॉशर सगळं बंद ठेवायचं, कारण सोडलेला प्रत्येक थेंब कुठून तरी वरच येणार. बिल्डिंगमध्ये असाल तर वरच्या मजल्यांचं पाणीही तुमच्याच बाथरूममध्ये येऊ शकतं आणि तुमचा व्हॉल्व्ह बंद करून ते थांबत नाही, त्यामुळे बिल्डिंग सांभाळणाऱ्यांना लगेच कळवा.

आणखी एक, ड्रेन साफ करायचं केमिकल ओतायला गेस्टला सांगू नका. तुंबलेल्या पाण्यात ते तसंच साचून राहतं आणि नंतर प्लम्बर पाइप उघडतो तेव्हा त्याच्या हातावर, डोळ्यात उडतं.

पायरी ३: तासाभरात निर्णय घ्या

माझा नियम असा आहे: घरात एकच टॉयलेट आहे आणि ते चालत नाही, किंवा सांडपाणी वर आलंय, किंवा पाणी पूर्ण बंद ठेवावं लागतंय, आणि प्लम्बर दोन-तीन तासांत काम पूर्ण होण्याची खात्री देत नाही, तर त्या घरात राहणं संपलं. "बघूया सकाळी" म्हणत ओढायचं नाही. दुसरं टॉयलेट चालू असेल किंवा नुसता नळ गळत असेल तर मात्र गेस्टला विचारा, काही लोक थोडी सूट घेऊन आनंदाने राहतात, पण तो निर्णय त्यांचा.

सांडपाणी वर आलं असेल तर तिथे चर्चाच नको. ते पाणी आरोग्याला धोकादायक असतं, गेस्टला पुसायला लावू नका, मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवायला सांगा.

पायरी ४: काय लिहायचं

फोनवर बोला जरूर, पण बोलून झालं की तेच सगळं बुकिंग झालेल्या अ‍ॅपच्या मेसेजमध्ये लिहा, नंतर वाद झाला तर तोच पुरावा असतो, गेस्टसाठी पण आणि तुमच्यासाठी पण. मी साधारण असं लिहिते:

"नमस्कार, आज रात्री ९ वाजता तुम्ही कळवलंत की बाथरूममध्ये ड्रेनेजचं पाणी वर आलंय. झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागते. मेन लाइन तुंबली आहे आणि काम आज पूर्ण होणार नाही, त्यामुळे इथे राहणं योग्य नाही. आजच्या रात्रीपासून पुढच्या सगळ्या रात्रींचे पैसे मी परत करते. जवळच्या दोन जागा पाठवतेय, आज रात्री तिथे खोली आहे हे मी फोन करून विचारलंय. सामान हलवायला मदत लागली तर सांगा."

या मेसेजमध्ये "तुम्ही टॉयलेटमध्ये काही टाकलं होतं का" हा प्रश्न नाही, तो या रात्री विचारायचाच नाही. पर्यायी जागा स्वतः शोधून द्या, सामान आणि मुलं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला फोनवर हॉटेलं शोधायला लावू नका.

पायरी ५: पैशाचा हिशोब

समजा ५ रात्रींचं बुकिंग होतं, २ रात्री नीट गेल्या आणि तिसऱ्या रात्री ९ वाजता हे झालं. तर परत द्यायच्या ३ रात्री, २ नाही. तिसरा दिवस त्यांनी घर वापरलं म्हणून ती रात्र कापणारे होस्ट मी पाहिलेत, मला ते पटत नाही, रात्रीचे पैसे झोपायला घेतलेले असतात. सरासरी काढू नका, शनिवार-रविवारचा दर वेगळा असेल तर ज्या रात्री राहता आलं नाही त्यांचाच दर धरा. सफाईचे पैसे पहिल्याच दिवशी जावं लागलं तर मी पूर्ण परत करते.

तारखा कमी करण्याची रिक्वेस्ट पाठवताना एक गोष्ट नक्की तपासा. आठवड्याची सूट ७ रात्रींपासून लागते आणि मुक्काम ४ रात्रींवर आला की सिस्टिम ती सूट काढून नव्याने हिशोब करू शकते, म्हणजे गेस्टला कमी पैसे परत मिळतात आणि त्याला वाटतं तुम्हीच फसवलंत. अंतिम आकडा बघूनच पाठवा किंवा फरक वेगळा द्या, पण अ‍ॅपमधूनच, बाहेरून पैसे पाठवू नका. आणि होस्ट म्हणून तुम्ही स्वतः कॅन्सलचं बटण दाबण्याआधी अ‍ॅपच्या सपोर्टशी बोला, नाहीतर दंड तुमच्यावर येऊ शकतो.

एअरबीएनबी या बुकिंगच्या अ‍ॅपवर गेस्टने अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवायची असते, हे गेस्टला स्वतःहून सांगा. यात तुमचं नुकसान नाही, उलट विश्वास बसतो. प्लॅटफॉर्म दुसरा असेल तर तिथला नियम वाचून घ्या.

पायरी ६: गेस्ट गेल्यावर

पाणी पुसायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा. प्लम्बरकडून बिलावर कारण लिहून घ्या, झाडाची मुळं, जुना पाइप, साचलेलं तेल की वाइप्स, जे निघालं ते. पाकिटावर फ्लश करता येतात असं लिहिलेले वाइप्ससुद्धा टॉयलेट पेपरसारखे विरघळत नाहीत आणि अडकतात. पण कित्येक गेस्टचं साचत आलेलं शेवटच्याच्या वेळी तुंबतं, म्हणून ठोस पुरावा नसताना शेवटच्या गेस्टवर क्लेम टाकू नका. पुरावा असेलच तर एअरबीएनबीवर नुकसानभरपाई मागायला गेस्ट गेल्यापासून १४ दिवस मिळतात.

ओल २४ ते ४८ तासांत वाळवा, नंतर बुरशी धरायला लागते, पंखे लावा, खिडक्या उघडा, कपाटं भिंतीपासून सरकवा. सांडपाण्यात भिजलेली गादी, उशी, कार्पेट धुऊन परत वापरू नका, टाकून द्या.

पुढचं बुकिंग असेल तर कॅलेंडर लगेच ब्लॉक करा आणि त्या गेस्टला आजच कळवा, त्यांच्या हातात जितके दिवस जास्त तितकं त्यांना दुसरीकडे सोपं जातं. काम झालं की प्लम्बर असतानाच सगळे नळ एकदम सोडून १०-१५ मिनिटं चालू ठेवा, मधे दोन-तीनदा फ्लश करा, वॉशिंग मशीनचं पाणी सोडा आणि शॉवरच्या जाळीकडे बघत उभे राहा. एकदा पाणी वर आलं तरी कॅलेंडर उघडायचं नाही. सगळं नीट गेलं तर मी तरी एक रात्र स्वतः त्या घरात राहते आणि मगच तारखा खुल्या करते.